पाणाडी विद्यापीठ बघायला गेला

विद्या माणसाला अंधारातून उजेडाकडे नेते, याबद्दल आमच्या गावात आजवर कधी दुमत झालेलं नाही. दुमत व्हायला आधी कोणीतरी तिकडे जाऊन परत यावं लागतं.

त्यामुळे पाणाड्याच्या पुतणीला एकदम दोन नावाजलेल्या विद्यापीठांत इंजिनियरिंगची जागा मिळाली, तेव्हा गावाला आनंद झाला तो जरा उशिरा. आधी गोंधळ झाला. एकच जागा मिळाली असती तर गावानं पोरीच्या पाठीवर हात ठेवला असता आणि आपापल्या कामाला लागलं असतं. दोन म्हटल्यावर प्रत्येकाला मत देणं आलं, आणि मत द्यायचं म्हटलं की आमच्या गावाला दुसरं काम सुचत नाही.

चर्चा पंक्चरच्या दुकानापुढे झाली.

"डोंगरावरचं घ्यावं," पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवत म्हणाला. "देशात एक नंबर आहे. पेपरात आलंय."

"कुठल्या पेपरात?" डेअरीवाल्यानं कॅन खाली ठेवला. "माझ्या पेपरात नदीकाठचं एक नंबर आहे. तुझं डोंगरावरचं खाली कुठंतरी आहे."

"तुझा पेपर जुना असेल."

"परवाचा आहे. तुझा तर टायरला गुंडाळून आलेला."

"अरे, पण दोघंही एक नंबर कसे असतील?"

"का? तुझ्या दोन्ही सुना गावात एक नंबर आहेत असं तूच सांगत फिरतोस ना? तसंच."

निवृत्त मास्तर तिथंच बाकावर बसले होते. ते म्हणाले, "क्रमवारी ही निकषसापेक्ष असते." मास्तर असं काही बोलले की विषय संपतो, कारण पुढे काय विचारायचं ते कोणाला कळत नाही.

शेवटी टेलरनं विचारलं, "पण पोरीला शिकायचंय काय?" हा प्रश्न एवढा वेळ कोणाच्या डोक्यात आलाच नव्हता.

"डोंगरावर कम्प्युटर मिळतोय," डेअरीवाला म्हणाला, "आणि नदीकाठी बांधकाम. बांधकामातही तिला म्हणे माती शिकायचीय."

"काय शिकायचीय?"

"माती."

"माती? विद्यापीठात जाऊन?" पंक्चरवाल्यानं हात वर केले. "मग आमच्या बैलानं काय पाप केलंय? त्यालाही पाठवू. त्याचा तर सगळा जन्म त्यातच गेलाय. थेट प्रोफेसरच करतील!"

सगळे हसले. मग ही पोर कोणाची, ते कोणाच्या तरी लक्षात आलं आणि हसू मधेच कुठंतरी अडकलं. डेअरीवाल्यानं कॅन उचलला. बादलीतल्या ट्यूबमधून एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

पाणाडी म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणारा माणूस. पायांतलं काढून ठेवायचं, बेचक्याची काठी दोन्ही हातांत धरायची आणि रानात चालायचं. काठी जिथं खाली ओढ घेईल तिथं पाणी. ओढ काठी घेते की माणूस घेतो, यावर मास्तरांनी एकदा भाषण केलं होतं. त्यांच्या घरामागची विहीरही पाणाड्यानंच दाखवलेली आहे.

जागा धाकटा भाऊ दाखवायचा आणि खणायचा थोरला. थोरल्याची छाती दारातून आडवीच जायची, असं गावात सांगतात. आजूबाजूच्या गावांतही त्यांच्याच विहिरी. पाणी गोड लागलं तर लोक दोघांचं नाव घ्यायचे, आणि खारं लागलं तर फक्त धाकट्याचं.

शेवटची विहीर त्यांनी स्वतःच्या रानात धरली. त्या दिवशी काठी दोन जागी वळली. एका जागी वर खडक होता. हाकेच्याही आत दुसरी जागा होती, तिथं मऊ माती. थोरल्याचा खांदा बरेच दिवस दुखत होता. धाकट्यानं मऊ जागेवर खूण केली. भावावर माया असलेल्या कोणीही तेच केलं असतं.

विहिरीला पाणी लागायच्या बेतात असताना कड ढासळली. थोरला खाली होता. गाव धावलं, आणि गावानं ऐकलं, की खालून पहारीचा आवाज येतोय. ठक्. थोडं थांबून, ठक्. म्हणजे माणूस जिवंत होता, पहार त्याच्या हातात होती आणि डोकंही ठिकाणावर होतं. पण वरून टिकाव घातला की आणखी माती खाली जायची. टिकाव थांबवला की आवाज यायचा. सगळी दुपार अशी गेली. मग एकदा टिकाव थांबवला आणि आवाज आला नाही.

त्याला वर काढायचं म्हणजे आणखी कोणाला तरी खाली ठेवायचं, असं जाणत्यांनी ठरवलं. विहीर तशीच बुजवली. पोर तेव्हा नुकती चालायला लागली होती.

पाणाड्याला कोणी दोष दिला नाही. गाव तेवढं निर्दय होतं.

काठी त्यानं आढ्याला खोचून ठेवली ती ठेवलीच. लग्न केलं नाही. वहिनी आणि पुतणी यांच्या मागे उभा राहिला. मागेच राहिला, समोर कधी आला नाही. रानाच्या त्या कोपऱ्यात कोणी काही पेरत नाही. दर पावसाळ्यानंतर ती जागा खचते आणि बशीसारखा खळगा पडतो. पाणाडी टोपलीनं माती आणून तो भरतो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खळगा. "मागतोय," एवढंच तो म्हणतो, आणि पुन्हा टोपली उचलतो.

आणि भर दुपारी, वारा पडला की, बोलता बोलता तो मधेच थांबतो. मान जरा तिरकी करतो. समोरचा माणूसही मग गप्प बसतो, आणि उगाच स्वतःच्या पायाखाली बघतो. दुपारच्या वेळी पाणाड्याकडे महत्त्वाचं बोलायला आमच्याकडे कोणी जात नाही.

घरात भांडण झालं तेही दुपारीच. पोरीची आई गोठ्यापुढे यंत्रावर वैरण कापत होती. यंत्राचं चाक खडखडत होतं.

"कम्प्युटर घे," पाणाडी म्हणाला.

"का, काका?"

"खुर्चीवर बसायचं. डोक्यावर पंखा. हात स्वच्छ राहतात."

"तुमचे कधी होते स्वच्छ?"

"म्हणूनच सांगतोय."

"मला मातीचंच शिकायचंय. जमीन किती भार घेते, कड कशी उभी राहते..."

"माती शिकून या घरात कोणाचं भलं झालंय?"

यंत्राचं चाक थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. आई काही बोलली नाही. ती कधीच काही बोलत नसे, आणि पाणाड्याला जगात दुसऱ्या कशाचीही एवढी भीती वाटत नसे.

त्याचं दुखणं पंख्याशी किंवा खुर्चीशी नव्हतं. ही पोर उद्या शिकून येईल. त्या कोपऱ्यात उभी राहील, चिमूटभर माती बोटांत चोळेल आणि म्हणेल, काका, शेजारी खडक असताना इथं खूण का केलीत? मग काय सांगायचं? आजवर हे त्याला फक्त मेलेला माणूस विचारत होता. मेलेल्या माणसाला उत्तर दिलं नाही तरी चालतं.

"ऐक," तो जरा वेळानं म्हणाला. "पोर चार वर्षं जिथं झोपणार, तिथं खाली काय आहे ते आधी बघितलं पाहिजे. पाण्याच्या शिरेवर माणूस झोपला तर त्याला झोप लागत नाही. झोप नाही तर अभ्यास नाही. दोन्हीकडे जाऊन येऊ."

"काका, ती विद्यापीठं आहेत. विहिरी नाहीत."

"खाली सगळीकडे जमीनच असते."

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जागा पक्की करायची होती. पाणाड्यानं मोरीतलं स्टूल आणलं, त्यावर चढला आणि आढ्यातून काठी काढली. तिच्यावर कोळ्याचं जाळं होतं. आईनं यंत्राचं चाक धरून ठेवलं आणि काठीकडे बघत राहिली. पोरीला आधी हसू आलं होतं, आईचा चेहरा बघून ते गेलं.

डोंगरावरच्या विद्यापीठाचं फाटक एवढं मोठं होतं की आत जायला शेजारचं छोटं दार वापरावं लागत होतं. बघायला आलेल्या पालकांना फिरवायला एक मुलगा होता. त्याच्या छातीवर विद्यापीठाचं नाव आणि पाठीवर एका बँकेचं.

"ही आमची मुख्य इमारत. ही लायब्ररी. इथून शेवटच्या वर्षाला कंपन्या मुलं उचलून नेतात," तो म्हणाला.

"उचलून?" पाणाड्यानं विचारलं.

"म्हणजे नोकरीला, काका."

पाणाड्यानं चपला काढल्या, वसतिगृहापुढच्या हिरवळीवर गेला आणि काठी धरून उभा राहिला. पालकांनी आदरानं अंतर ठेवलं. त्यांना वाटलं हाही प्रवेशाचाच एखादा टप्पा असेल. एका गृहस्थानं तर हळूच बायकोला विचारलं, "आपल्याला सांगितलं नव्हतं का हे?"

रखवालदार धावत आला. "ओ पाहुणे! हिरवळीवर चालायला मनाई आहे."

"चालत नाही. उभा आहे."

रखवालदारानं विचार केला. उभं राहण्याबद्दल त्याला काही सांगितलेलं नव्हतं.

काठी हलली नाही. खाली सगळा खडक. ओल नाही, पोकळी नाही, हाक नाही, काही नाही. पाणाड्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. "मेलेली जागा आहे," तो पुतणीला म्हणाला. "फार छान आहे. घे ही." मग त्या मुलाकडे वळून त्यानं विचारलं, "काय रे बाळा, इथं पोरांना झोप चांगली लागत असेल ना?"

"झोप?" मुलानं छाती फुगवली. "काका, इथं कोणी झोपतच नाही!"

पाणाड्याच्या सगळ्या शास्त्रात हे बसत नव्हतं. पण खडक त्याला इतका आवडला होता की त्यानं ते ऐकलं नाही असं केलं.

नदीकाठचं विद्यापीठ दुसऱ्या दिवशी बघितलं. इमारती जुन्या, झाडं त्याहून जुनी. फिरवायला कोणी मुलगा नव्हता. बाण होते, त्यांतले काही एकमेकांकडे बोट दाखवत होते. पोहोचेपर्यंत दुपार झाली. वारा पडला होता. वसतिगृहापुढे काठी थोडी थरथरली, नदी जवळ असल्यावर तेवढं व्हायचंच. पण एका दगडी इमारतीच्या बाजूला आल्यावर काठीनं अशी ओढ घेतली की काठीची साल हातात सोलून निघाली. पाणाडी जागच्या जागी थांबला.

आणि पायाखालून आवाज आला. ठक्.

थोडं थांबून, ठक्.

पाणाड्यानं मान तिरकी केली. पोरीनं ही मान जन्मभर बघितली होती. अशा वेळी तोंड मिटून उभं राहायचं, हे ती बोलायला शिकायच्या आधी शिकली होती. पण या वेळी तिनं काकाची बाही धरली.

"काका," ती म्हणाली. "मलाही ऐकू येतंय."

पाणाड्याच्या हातातून काठी पडली. तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी हिरवळ उकरायला लागला. "आलो रे," तो म्हणत होता. "आलो, आलो, थांब जरा." गवताची मुळं निघत होती. खालचा आवाज थांबत नव्हता. पोर त्याला धरून उठवायला बघत होती आणि स्वतःही रडत होती, आणि एका क्षणी तिचेही हात मातीत गेले होते, हे तिनं नंतर आईला सांगितलं. मला ते तिच्या आईकडून कळलं.

मग तिला भिंतीच्या बुडाशी एक बसकी खिडकी दिसली. धुळीनं पांढरी झालेली, जमिनीला टेकलेली. आवाज तिच्यातून येत होता. शेजारी खाली जाणाऱ्या पायऱ्या होत्या.

तळघरात दिवे लावलेले होते. भिंतीकडेनं मातीची पोती, मोठ्या परातींत कालवलेली माती, वजनकाटे. मधे एक मुलगा घामाघूम होऊन, दांड्याला लावलेलं लोखंडी वजन उचलून एका जाड डब्यातल्या मातीवर सोडत होता. ठक्. उचलायचं, सोडायचं. ठक्. एक मुलगी परातीत थेंबथेंब पाणी घालत होती.

दारात मातीनं भरलेल्या हातांचा, ओल्या डोळ्यांचा माणूस बघून मुलगा थांबला. आवाज थांबला तसा पाणाड्यानं भिंतीचा आधार घेतला.

"थांबू नकोस," तो म्हणाला.

"काय झालं, काका? कोणाला शोधताय?"

"काय करताय हे?"

"माती ठोकतोय. थोडं पाणी घालायचं, ठोकायची, वजन करायचं. पुन्हा थोडं पाणी, पुन्हा ठोकायची. किती ओलीला सगळ्यात घट्ट बसते ते बघतोय. भराव टाकण्याआधी बघावं लागतं."

"आधी?"

"हो. नंतर बघून काय उपयोग?"

मुलगा चांगल्या घरचा होता. त्याला काही वाईट म्हणायचं नव्हतं.

पाणाडी पोत्यावर बसला. परातीतली माती त्यानं चिमटीत घेतली, सवयीनं वास घेतला. मग विचारलं, "आणि ठोकलीच नाही तर? एखादा खड्डा टोपलीनं नुसता भरला, तर?"

"खचत राहणार. दर पावसाळ्यात थोडा थोडा."

"किती दिवस?"

"खोल असेल तर वर्षानुवर्षं."

"खालून कोणी ओढत नसलं तरी?"

मुलानं त्या मुलीकडे बघितलं, मुलीनं पोरीकडे. "खालून कोण ओढणार, काका?"

पाणाड्यानं चिमटीतली माती परातीत परत सोडली. मग स्वतःशी म्हणाला, "म्हणजे तो काही मागतच नव्हता."

असं काही कळल्यावर माणसाला हलकं वाटत असेल, असा आपला समज असतो. पाणाड्याकडे बघून तसं वाटत नव्हतं. भावाचं एवढंच एक मागणं शिल्लक होतं त्याच्याकडे. दर वर्षी टोपलीनं तो ते पुरवत होता. ते कोणीतरी त्याच्या हातातून काढून घेतलं होतं.

मुलीनं त्याला पाणी दिलं. ते पिऊन त्यानं पुन्हा तोंड उघडलं. "आणि समजा, शेजारीशेजारी दोन जागा आहेत. एक टणक, एक मऊ..."

"हां, मग?"

पुतणी त्याच्याकडे बघत होती.

"काही नाही," पाणाडी म्हणाला. "पाणी चांगलं आहे इथलं."

परतीच्या बसमध्ये तो नखांतली माती काढत बसला. काठी विद्यापीठातच राहिली होती, आणि मागे जाऊन आणू का असं पोरीनं विचारल्यावर त्यानं मानेनंच नको म्हटलं. घरी पोहोचले तेव्हा शुक्रवारची दुपार होती. आई वैरण कापत होती.

"तिथं नको," पाणाडी अंगणातूनच म्हणाला.

"नदीकाठी?" पोरीनं पिशवी टाकली. "काका, तुम्ही बघितलं ना सगळं? मला तेच शिकायचंय. तेच!"

"तिथं सगळ्याचं कारण सांगतात. माती का खचते, आवाज का येतो. प्रत्येक गोष्टीचं कारण निघालं की गेलेल्या माणसानं राहायचं कुठं?" त्याचा आवाज चढला. "डोंगरावर जा. तिथं खडक आहे. खाली कोणी नाही."

"खाली कोणी नाही म्हणून मी चार वर्षं तिथं बसू?"

"बस! मी सांगतो म्हणून बस!"

यंत्र थांबलं. या वेळी पुन्हा सुरू झालं नाही. आईनं पदरानं हात पुसले आणि ती गोठ्याच्या सावलीतून बाहेर आली.

"भावजी," ती म्हणाली, "आवाज तुम्हालाच येतो असं वाटतं काय तुम्हाला?"

पाणाडी तिच्याकडे बघतच राहिला.

"भर दुपारी वैरण का कापते मी? सकाळी कापता येत नाही? या यंत्राचा आवाज मोठा आहे म्हणून कापते. जनावरांना एवढी लागत नाही. निम्मी वाळून जाते."

"वहिनी..."

"खूण कुठं केलीत ते मला ठाऊक आहे. खडक कुठं होता तेही ठाऊक आहे. त्यांचा खांदा मीच शेकत होते. उद्या मऊ जागा निघू दे, असं मीच म्हणाले होते त्यांना."

पाणाडी मागे सरकला, पायाला ओटा लागला, तो त्यावर बसला. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमची चूक म्हणू? असेल की नाही, मला कुठं कळतंय? तुम्हाला तरी कुठं कळतंय? खडकातली विहीर ढासळली नसती असं कोणी लिहून दिलंय? तुम्ही आपले माती टाकताय, मी आपली वैरण कापतेय. अंदाजानं चाललंय सगळं. एकदा कोणीतरी नक्की सांगू दे मला. तुमच्यामुळे गेले असतील तर तसं सांगू दे. माझ्यामुळे, तर तसं. आणि कोणामुळेच नाही, तर तेही सांगू दे. घरच्याच माणसानं सांगावं, परक्यानं नको."

एवढं बोलून ती थांबली. इतकी वाक्यं तिनं एकापाठोपाठ कधी बोललीच नव्हती, त्यामुळे संपल्यावर काय करायचं ते तिला सुचेना. ती परत यंत्राकडे गेली आणि नुसतीच चाकावर हात ठेवून उभी राहिली.

वारा पडलेला होता. तिघंही गप्प होते. त्या शांततेत कोणाला काही ऐकू आलं की नाही, ते कोणी कोणाला विचारलं नाही.

"दाब," शेवटी पाणाडी म्हणाला.

"काय, काका?"

"तुझ्या त्या फोनवर काय दाबायचं ते दाब. नदीकाठचं."

पोरीनं दाबलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. आई जवळ आली, पाणाडी उठून आला, तिघांची डोकी त्या चक्रावर वाकली. ते फिरत राहिलं. मग अक्षरं आली: आपली जागा निश्चित झाली आहे. अभिनंदन. त्याखाली विचारलं होतं, आपला आजचा अनुभव कसा होता? आणि भरायला पाच तारे दिले होते.

पोर गेली. पंक्चरवाल्यानं तिला सोडायला आपणहून गाडी आणली आणि वाटेत बैलाचा विषय काढला नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर रानाच्या कोपऱ्यात नेहमीसारखा खळगा पडला. पाणाड्यानं माती आणली, पाणी शिंपडलं, आणि एक जाड ओंडका घेऊन ती ठोकायला बसला. ठक्. थोडं थांबून, ठक्. तो आवाज त्या दुपारी सगळ्या गावानं ऐकला. पंक्चरच्या दुकानापुढे बसलेल्यांनी एकमेकांकडे बघितलं, पण उठून बघायला कोणी गेलं नाही. खरा आवाज आणि दुसरा, यांतला फरक सांगायची जबाबदारी कोणालाच नको होती.

तो आता मान कमी वेळा तिरकी करतो, असं डेअरीवाला म्हणतो. टेलर म्हणतो, उलट जास्त. निकष वेगळे असतील.

पण एक गोष्ट सगळ्यांनी बघितली. पहिलं वर्ष संपून पोर सुट्टीला यायची त्या दिवशी पाणाडी सकाळीच दाढी करून बसला. धुतलेला सदरा घातला. कोर्टात नाव पुकारायची वाट बघत बसतात तसा तो ओट्यावर बसला होता. मांडीवर दोन पुरचुंड्या.

पोर आली. अजून पायही धुतले नव्हते तिनं. पाणाड्यानं दोन्ही पुरचुंड्या तिच्यापुढे सोडल्या.

"ही खडकाच्या अंगची," तो म्हणाला. "आणि ही जिथं खूण केली तिथली. वरची नाही, खालची काढलीय. ओल जाऊ दिली नाही." त्यानं पुरचुंड्या तिच्याकडे सरकवल्या. "बघ आणि सांग. आईलाही बोलवलंय. जे असेल ते सांग, मी तयार आहे."

आई दाराशी येऊन उभी होती. तिनं पदर घट्ट धरला होता.

पोरीनं खडकाच्या अंगची माती चिमटीत घेतली, मग मऊ. बोटांत चोळली. पाणाडी तिच्या बोटांकडे बघत होता, जणू काठी वळायची वाट बघत होता.

"काय म्हणतात मग तिथं?" त्यानं विचारलं.

"काका," ती म्हणाली आणि खाली बघायला लागली. "पहिल्या वर्षाला सगळ्यांना तेच असतं. गणित, रसायन. वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा दिला होता, कानशीनं चौकोनी घासायला. अर्धं वर्ष तोच घासत होतो."

"आणि माती?"

मातीचा विषय तिसऱ्या वर्षाला असतो. त्यातलं कडा ढासळण्याचं प्रकरण ऐच्छिक आहे.